टेकडी, खिडकी आणि तारे : ऑलाफ स्टेपल्डन यांचे जीवन व 'स्टार मेकर'चे वाचन

विज्ञानकादंबरीचा अभ्यास आपल्या वर्गांतून बहुधा ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स यांच्यापासून सुरू होतो आणि तेथून थेट मराठी विज्ञानकथेकडे वळतो. या दोन टप्प्यांच्या मध्ये उभा असलेला एक लेखक त्यामुळे दृष्टीआड राहतो. विल्यम ऑलाफ स्टेपल्डन (१८८६-१९५०) यांची 'स्टार मेकर' ही कादंबरी १९३७ मध्ये लंडनच्या मेथ्युएन या प्रकाशनसंस्थेने काढली. तिला कादंबरी म्हणावे की नाही, हा प्रश्न स्वतः लेखकालाच पडला होता. प्रस्तुत लेखकाने ती पहिल्यांदा हाती घेतली तेव्हा अर्ध्यावर टाकून दिली. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा शेवटची प्रकरणे संपवून रात्री बराच वेळ झोप आली नाही. आणि तिसऱ्या वाचनात ह्या दोन्ही प्रतिक्रिया एकाच वेळी झाल्या. भारावून जाणे आणि दुरावणे यांचे हे मिश्रण वाचकाच्या उणिवेतून येते, की कलाकृतीच्या घडणीतूनच येते? या प्रश्नाचा मागोवा घेताना लेखकाच्या चरित्राकडे वळावे लागले. चरित्रात्मक समीक्षेचे धोके सर्वांना परिचित आहेत, त्यांची उजळणी येथे नको. परंतु काही पुस्तके अशी असतात की त्यांतील एखादी खिडकी लेखकाच्या खऱ्या घराची असते, आणि ते कळल्यावर वाचन पूर्वीसारखे राहत नाही.

स्टेपल्डन यांचा जन्म १० मे १८८६ रोजी इंग्लंडमधील विरल द्वीपकल्पावर, लिव्हरपूलच्या समोरच्या किनाऱ्यावर झाला. वडील जहाजव्यवसायात होते आणि त्या निमित्ताने इजिप्तमधील पोर्ट सैद येथे राहत असत. त्यामुळे ऑलाफची पहिली सहा वर्षे सुएझ कालव्याच्या तोंडाशी गेली. एकुलता एक मुलगा, परका मुलूख आणि सतत येणारी-जाणारी जहाजे असे ते बालपण होते. पुढे त्यांना ॲबट्सहोम या शाळेत घालण्यात आले. सेसिल रेडी यांनी १८८९ मध्ये काढलेली ही प्रयोगशील शाळा होती. पुस्तकी शिक्षणाइतकेच शेतकामाला आणि हस्तव्यवसायाला तेथे महत्त्व होते. तेथून ऑक्सफर्डचे बेलियल कॉलेज. १९०९ मध्ये त्यांनी आधुनिक इतिहासाची पदवी घेतली. इतिहास हा त्यांचा पहिला विषय होता ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

पदवीनंतरची काही वर्षे अनिश्चिततेची होती. मँचेस्टरच्या एका शाळेत वर्षभर अध्यापन, नंतर लिव्हरपूल आणि पोर्ट सैद येथील जहाज कचेऱ्यांत कारकुनी. दोन्ही ठिकाणी मन रमले नाही. ते रमले कामगार शिक्षण संघटनेच्या सायंवर्गांत. १९०३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था दिवसभर राबणाऱ्या माणसांसाठी संध्याकाळी इतिहास, साहित्य, अर्थशास्त्र यांचे वर्ग चालवीत असे. १९१२ च्या सुमारास स्टेपल्डन तेथे शिकवू लागले आणि मधला युद्धकाळ वगळता पुढे अनेक वर्षे उत्तर इंग्लंडमधील गावोगावी जाऊन शिकवत राहिले. विद्यापीठात कायमचे अध्यापकपद त्यांना कधीच मिळाले नाही. त्यांच्या गद्याचा वळसा या वर्गांत घडला असावा असे म्हणावयास जागा आहे. श्रोत्यांना पूर्वतयारी नाही, वेळ थोडा आहे आणि विषय मानवजातीचा संपूर्ण इतिहास आहे, अशा वेळी शिक्षक ज्या तऱ्हेने शतकांमागून शतके सारांशरूपाने उलगडत जातो, ती तऱ्हा त्यांच्या कादंबऱ्यांत ठायी ठायी दिसते. 'स्टार मेकर'मध्ये संवाद जवळजवळ नाहीत. पात्रेही नाहीत म्हटले तरी चालेल. आहे तो एक समजूतदार, थोडासा एकसुरी आवाज.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा हा तरुण पेचात सापडला. माणसे मारणे त्यांना मान्य नव्हते आणि इतर माणसे मरत असताना घरी बसणेही मान्य नव्हते. ब्रिटनमध्ये सक्तीची लष्करभरती १९१६ मध्ये आली, परंतु त्याच्या आधीच, १९१५ च्या उन्हाळ्यात, ते क्वेकर पंथीयांनी चालवलेल्या रुग्णवाहिका पथकात दाखल झाले. स्वतः ते क्वेकर नव्हते. फ्रेंच सैन्याला जोडलेल्या तेराव्या इंग्लिश रुग्णवाहिका तुकडीत चालक म्हणून त्यांनी १९१९ च्या आरंभापर्यंत फ्रान्स व बेल्जियममध्ये काम केले. रात्री, दिवे न लावता, तोफांच्या माऱ्याखालील रस्त्यांवरून जखमींना मागे आणणे हे ते काम. त्याबद्दल फ्रान्सचे 'क्र्वा द गेर' हे शौर्यपदक त्यांना मिळाले. शस्त्र न धरणाऱ्या माणसाला मिळालेले हे युद्धपदक त्यांच्या आयुष्यातील पहिला ठळक विरोधाभास होय.

याच तुकडीत लुईस फ्राय रिचर्डसन हे शास्त्रज्ञही होते. हवामानाचा अंदाज निव्वळ गणिताने करता येईल काय, याची आकडेमोड ते आघाडीवरच्या फावल्या वेळात करीत. त्यांचे हस्तलिखित १९१७ च्या धुमश्चक्रीत हरवले आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले. १९२२ मध्ये ते ग्रंथरूपाने आले. हा तपशील विषयाला थोडा सोडून वाटेल. पण समोर माणसे चिरडली जात असताना अफाट वातावरणाचे समीकरण मांडत बसलेला एक माणूस स्टेपल्डन यांनी जवळून पाहिलेला होता, ही गोष्ट 'स्टार मेकर'च्या वाचकाला विसरता येत नाही.

या वर्षांचा दुसरा धागा पत्रांचा आहे. ॲग्नेस मिलर ही त्यांची ऑस्ट्रेलियातील मामेबहीण. १९०३ मध्ये दोघांची पहिली भेट झाली, आणि युद्धकाळात ती सिडनीत व ते आघाडीवर अशी स्थिती होती. पत्र पोचायला आठवडे लागत, उत्तर यायला आणखी तितकेच. म्हणजे ज्या मनाशी आपण बोलतो आहोत ते या क्षणी कोणत्या अवस्थेत आहे हे कधीच कळत नसे. जे हाती येई तो भूतकाळ असे. दूरच्या ताऱ्याचा प्रकाश आपल्याला दिसतो तोही असाच. ही पत्रे पुढे १९८७ मध्ये रॉबर्ट क्रॉस्ली यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाली. जुलै १९१९ मध्ये दोघांचा विवाह झाला, १९२० मध्ये मुलगी आणि १९२३ मध्ये मुलगा झाला, आणि कुटुंब विरल द्वीपकल्पावरील वेस्ट कर्बी येथे स्थिरावले. समोर डी नदीचे विस्तीर्ण मुख, पलीकडे वेल्सचे डोंगर, आणि घराच्या वरच्या बाजूला झुडपांनी भरलेली एक टेकडी.

१९२५ मध्ये लिव्हरपूल विद्यापीठाने त्यांना तत्त्वज्ञानातील पीएच. डी. दिली. १९२९ मध्ये नीतिशास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ निघाला. तो प्रामाणिक आहे, नीट मांडलेला आहे आणि आज फारसा वाचला जात नाही. तोपर्यंत त्यांचे वय त्रेचाळीस झाले होते आणि नावावर १९१४ मधील एक पातळ काव्यसंग्रह व हा ग्रंथ एवढेच होते. पुढच्याच वर्षी 'लास्ट अँड फर्स्ट मेन' आली. वेल्सच्या किनाऱ्याजवळील अँगलसी बेटावर, खडकांवर पहुडलेले सील पाहताना तिची कल्पना सुचली असे सांगितले जाते. दोन अब्ज वर्षांचा हा भविष्यकालीन इतिहास आहे. आपण त्यातील पहिले मानव. आपल्यामागून आणखी सतरा मानवजाती येतात. चौथे मानव म्हणजे नुसते महाकाय मेंदू. सातवे पंख असलेले, शुक्रावर उडणारे. अठरावे, अखेरचे, नेपच्यूनवर राहतात आणि सूर्याचा प्रकोप होऊन आपण संपणार हे जाणून असतात. नजीकच्या भविष्याबाबत हे पुस्तक सपशेल चुकले: त्यात जर्मनी हे शांतताप्रिय राष्ट्र म्हणून येते, आणि तीनच वर्षांत हिटलर सत्तेवर आला. लाखो वर्षांनंतरचे मात्र विलक्षण पटते, कारण तेथे त्यांचा इतिहासकार आणि तत्त्वज्ञ एकत्र काम करतो.

'स्टार मेकर' या पुस्तकाच्या पुढे एक पाऊल टाकते. खरे म्हणजे पाऊल नव्हे, झेप. आधीच्या पुस्तकाची दोन अब्ज वर्षे येथे एका परिच्छेदाची धनी होतात. आरंभ मात्र घरगुती आहे. आयुष्यातील कडवटपणाने अस्वस्थ झालेला निवेदक रात्री घराबाहेर पडतो, टेकडीवर जाऊन हिरवळीवर बसतो. खाली उपनगरातील दिवे दिसतात, त्यांतील एक खिडकी त्याच्या घराची. सुमारे दीड दशकाचा संसार त्याला आठवतो. या संसारासाठी त्याने वापरलेला शब्द जीवशास्त्रातला आहे: सहजीवन, म्हणजे दोन भिन्न जीवांनी एकमेकांत रुजून एकमेकांना पोसणे. मग दृष्टी ताऱ्यांकडे वळते, शरीर मागे राहते आणि प्रवास सुरू होतो. प्रथम दुसरी एक पृथ्वी, जेथे माणसांचे जग दृष्टीपेक्षा चवीने आणि गंधाने घडलेले आहे आणि जेथे वंशविद्वेषही चवीवरून चालतो. तेथील एका वृद्ध तत्त्वज्ञाच्या मनात निवेदक वस्तीला राहतो, पुढे दोघे मिळून इतर जगांचा शोध घेतात, आणि वाटेत आणखी मने सामील होत जातात. शेवटी हे सामूहिक मन आकाशगंगेचे, मग विश्वाचे मन बनते आणि ताऱ्यांच्या निर्मात्यासमोर उभे ठाकते.

मधल्या प्रकरणांतील जगांची यादी येथे देणे व्यर्थ आहे. कादंबरीची खरी दुर्बलताही ती यादीच आहे. वनस्पतिमानव, पक्ष्यांच्या थव्यांचे मिळून एक मन, शिडांची गलबते असावीत तसे जीव. प्रत्येक कल्पना एका स्वतंत्र कादंबरीला पुरेशी आहे, आणि प्रत्येकीच्या वाट्याला काही पाने येतात. प्रस्तुत लेखकाने पहिल्यांदा पुस्तक मिटले ते येथेच. अपवाद एका जगाचा. तेथे पाण्यातील मत्स्यसदृश जीव आणि किनाऱ्यावरील कोळी-खेकड्यांसारखे जीव यांच्यात युगानुयुगे संहारक वैर असते. त्या वैरातूनच हळूहळू असे जोडजीवन घडते की एकाचा जोडीदार गेला तर दुसऱ्याचे मन अपुरे राहावे. निवेदकाने टेकडीवर आपल्या विवाहाविषयी जो शब्द वापरला होता तोच या जीवांना लागू होतो, आणि हीच जात पुढे आकाशगंगेच्या इतिहासात निर्णायक कामगिरी बजावते. म्हणजे ॲग्नेसला लिहिलेल्या पत्रांतून वाढलेली जाणीव येथे विश्वाच्या प्रमाणावर नेलेली आहे. पहिल्या वाचनात हे दिसले नव्हते. एकदा दिसल्यावर कोरडी वाटणारी प्रकरणे तितकी कोरडी राहिली नाहीत, एवढे मान्य केले पाहिजे.

खरा पेच शेवटी आहे. निर्माता विश्वांमागून विश्वे घडवतो. आरंभीची बाळबोध, निव्वळ लयीची; पुढची अधिकाधिक गुंतागुंतीची. आपले विश्व या मालिकेतील एक. तो आपल्या निर्मितीकडे पाहतो ते एखादा कलावंत आपल्या जुन्या कृतीकडे पाहतो तसे: गुणदोष पारखत, अलिप्तपणे. अगणित जगांनी सोसलेले दुःख त्याला ठाऊक आहे, परंतु त्याची नजर करुणेची नाही. आणि हे पाहिलेले मन धिक्कार करण्याऐवजी नतमस्तक होते. सी. एस. लुईस यांच्यासारख्या ख्रिस्ती श्रद्धेच्या वाचकाला हे सहन झाले नाही; आर्थर सी. क्लार्क यांना लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी या शेवटाची संभावना सैतानाची पूजा अशा अर्थाच्या शब्दांत केली. गंमत अशी की हेच लुईस १९४५ मधील आपल्या एका कादंबरीच्या प्रास्ताविकात स्टेपल्डन यांच्या कल्पकतेविषयी आदर व्यक्त करतात आणि तत्त्वज्ञान तेवढे नाकारतात. क्लार्क यांची गोष्ट निराळी. बालवयात माइनहेडच्या सार्वजनिक ग्रंथालयात त्यांना 'लास्ट अँड फर्स्ट मेन' सापडली आणि तिचे ऋण ते जन्मभर सांगत राहिले. व्हर्जिनिया वुल्फ यांनी 'स्टार मेकर' वाचून लेखकाला आपुलकीचे पत्र पाठवले, स्पॅनिश आवृत्तीला बोर्हेस यांनी प्रस्तावना लिहिली, आणि फ्रीमन डायसन या भौतिकशास्त्रज्ञाने ताऱ्याभोवती ऊर्जा अडवणारे कवच असू शकेल ही १९६० मधील आपली कल्पना या कादंबरीतून घेतल्याचे सांगितले. पोलिश लेखक स्तानिस्लाव लेम यांनी मात्र हे पुस्तक फसलेलेच मानले, जरी फसण्यासाठी लेखकाने फार मोठे रण निवडले हेही त्यांनी नाकारले नाही. संमिश्र प्रतिसाद हा या पुस्तकाचा जणू नियमच दिसतो.

मराठी वाचकाला हे दर्शन वाचताना गीतेचा अकरावा अध्याय आणि त्यावरचे ज्ञानेश्वरांचे निरूपण आठवल्यावाचून राहत नाही. तेथेही दर्शन होते ते सौम्य नव्हे, गिळणाऱ्या काळाचे. आणि अर्जुन घाबरून ओळखीचे रूप परत मागतो. ज्ञानेश्वरांचा कृष्ण त्याबद्दल त्याला बोल लावतो. अमृताचा समुद्र समोर आल्यावर बुडू म्हणून कोणी मागे फिरते काय, असे विचारतो, आणि मग तडजोड सांगतो: पंख न फुटलेल्या पिलांपाशी जीव ठेवून पक्षीण आकाशात जाते, तसे प्रेम विश्वरूपापाशी ठेव आणि वरवरच्या सुखापुरते चतुर्भुज मूर्तीशी सख्य कर. स्टेपल्डन यांच्या निवेदकाचे नेमके उलट झाले आहे. तो ज्या आकाशात जातो तेच विश्वरूप, आणि जीव राहतो खालच्या खिडकीपाशी. दोन परंपरांमध्ये उसनवारीचा काही संबंध आहे असे सुचवायचे नाही. परंतु ज्ञानेश्वरांच्या विश्वरूपाला सख्याची वाट उघडी आहे; भक्त रागावू शकतो, क्षमा मागू शकतो, त्याला उत्तर मिळते. स्टेपल्डन यांच्या निर्मात्याशी बोलताच येत नाही. लुईस यांच्या आक्षेपात अभिनिवेश असेल, पण जे त्यांना बोचले ते आपल्यालाही वेगळ्या वाटेने बोचते.

येथे चरित्राची साक्ष काढावीशी वाटते. निर्मात्याची ती थंड नजर ही लेखकाच्या मनाची थंडी मानण्याचा मोह होतो, आणि पुष्कळ वाचक त्याला बळी पडतात. परंतु हा माणूस चार हिवाळे जखमींची वाहतूक करीत होता. त्या रस्त्यांवर त्याने जे पाहिले त्याला दयाळू परमेश्वराच्या आराखड्यात बसवणे त्याला अप्रामाणिक वाटले असले पाहिजे, आणि तरीही त्या रस्त्यांवरच्या आकाशातील तारे पाहून मान लवली ही अनुभूती नाकारणेही तितकेच अप्रामाणिक. दोन्ही सत्ये ठेवून पुस्तक लिहिले तर ते असेच दुभंगलेले होणार. प्रस्तावनेत ते स्वतःच अपराधी सुरात लिहितात. युरोपवर १९१४ पेक्षा भयंकर संकट येत असताना, स्पेनमध्ये लढाई चालू असताना, ताऱ्यांच्या गोष्टी सांगणे हे पलायन ठरेल याची त्यांना जाणीव आहे. निवेदक अखेर टेकडीवर परत येतो, पृथ्वीवरच्या येऊ घातलेल्या संघर्षाचा विचार करतो आणि दोन प्रकाशांचा आधार धरतो: माणसांच्या छोट्या समुदायाची ऊब आणि ताऱ्यांचा गार उजेड. हा शेवट तर्काने पटत नाही. ज्या निर्मात्याला काही फरक पडत नाही त्याच्या दर्शनाने खालची लढाई अधिक अर्थपूर्ण का व्हावी, हे लेखक सिद्ध करू शकत नाही. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप तिसऱ्या वाचनानंतरही तेथे कायम आहे.

कादंबरीकार म्हणून त्यांना माणसे रंगवता येत नव्हती, हा दुसरा आक्षेप मात्र 'सिरियस' (१९४४) वाचल्यावर मागे घ्यावा लागतो. माणसाची बुद्धी लाभलेला एक मेंढपाळ कुत्रा आणि त्याच्याबरोबर बहिणीसारखी वाढलेली प्लॅक्सी ही मुलगी यांची ती कथा. वेल्सच्या डोंगराळ भागात घडते, आणि कुत्र्याच्या हत्येने संपते. विश्वाचा निर्माता येथे कोठेच नाही. पण आपल्याला घडवून एकटे सोडून देणाऱ्या शास्त्रज्ञापुढे हा कुत्रा जो प्रश्न घेऊन उभा राहतो तो 'स्टार मेकर'मधलाच आहे, आणि येथे तो विचारणाऱ्याला चेहरा आहे, वास आहे, भूक आहे. विद्यार्थ्यांना स्टेपल्डन वाचायला द्यायचे असतील तर 'सिरियस'ने आरंभ करावा आणि 'स्टार मेकर'कडे नंतर वळावे, असे सुचवावेसे वाटते.

उत्तरायुष्य थोडक्यात सांगता येईल. १९४० मध्ये कुटुंब जवळच्याच कॉल्डी येथे नव्या घरात गेले. समाजवादी विचारांचा हा लेखक बव्हंशी वडिलोपार्जित गुंतवणुकीच्या उत्पन्नावर जगत असे आणि ही विसंगती त्याने लपवली नाही. युद्धानंतर ते शांतता चळवळीत ओढले गेले. १९४८ मध्ये पोलंडमधील व्रोत्स्वाफच्या परिषदेला गेले. मार्च १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या शांतता परिषदेसाठी ब्रिटिश प्रतिनिधींपैकी अमेरिकेने व्हिसा दिला तो एकट्या त्यांना. कम्युनिस्ट त्यांना अध्यात्मवादी समजत, धर्मनिष्ठ त्यांना नास्तिक समजत, आणि विज्ञानकथेच्या जगात आपली गणना होते हे तर त्यांना पुस्तके लिहून झाल्यावर कळले. १९४८ मध्ये क्लार्क यांच्या निमंत्रणावरून ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीपुढे त्यांचे व्याख्यान झाले. दुसऱ्या ग्रहांवर माणूस पोचेल काय यापेक्षा पोचून तो तेथे काय करील, हा त्यांच्या चिंतनाचा विषय होता.

६ सप्टेंबर १९५० रोजी कॉल्डीच्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय ६४. रक्षा डी नदीच्या मुखावरील वाळूच्या कड्यांवरून विसर्जित करण्यात आली. टेबलावर एक अपुरे हस्तलिखित राहिले होते. ॲग्नेस यांनी ते लावून १९५४ मध्ये 'द ओपनिंग ऑफ द आइज' या नावाने प्रसिद्ध केले. ज्याच्याशी 'स्टार मेकर'मध्ये बोलणे शक्य झाले नव्हते, त्याला या पानांतून लेखक थेट 'तू' म्हणून संबोधतो. कोणी ऐकते आहे की नाही याची खात्री नसतानाही. ॲग्नेस त्यानंतर तीस-चौतीस वर्षे जगल्या. १९८४ मध्ये त्या वारल्या. युद्धकाळातील दोघांची पत्रे ग्रंथरूपाने आली ती त्याच्या तीन वर्षांनंतर.